सीलबंद खोकी

लघवीच्या नळ्यांची सात खोकी परत करायला लेक दवाखान्यात आली, तेव्हा आईला जाऊन तीन आठवडे झाले होते.

सिस्टरनी एकेक खोकं उलटसुलट करून पाहिलं. "ताई, यांची सीलसुद्धा तुटलेली नाहीत. आई वापरत नव्हत्या?"

"वापरायची की. रोज चारदा. स्वतःच घालायची."

सिस्टरनी शेवटचं खोकंही उलटून पाहिलं.

मल्टिपल स्क्लेरोसिसने आधी आईचे पाय नेले, मग मूत्राशयाचा ताबा. थोडी लघवी व्हायची, बाकीची आत साचून राहायची. ती नळीने काढली नाही तर जंतुसंसर्ग होतो, हे सिस्टरनीच दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. नळी घालायला लेकीने शिकायचं ठरलंही होतं, पण त्यासाठी तिला नोकरी अर्धवेळ करावी लागली असती. आईने ते उडवून लावलं. "जन्मभर शिवणकाम केलंय मी. सुई ओवणारीला नळीचं काय कौतुक? तू आपली कामाला जा. माझ्या मुतण्यावर पहारा नको."

दोघी पोट धरून हसल्या होत्या. मग रोज संध्याकाळी लेक चपला काढता काढता विचारायची, "झालं का गं?" आतून उत्तर यायचं, "झालं, बाई. मोकळी झाले."

आणि त्याआधी दोन वर्षांपासून रोज सकाळी, निघण्याआधी, लेकच दहा सुया ओवून ठेवत होती. आईच्या बोटांत धागा ठरत नव्हता. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती हसली. हसणं सोयीचं होतं.

"दुखलं असेल का हो तिला?"

"या आजारात मूत्राशय भरल्याचं नीट कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पुष्कळांना ताप चढेपर्यंत पत्ता नसतो."

"तापातसुद्धा म्हणाली, जा तू, खाडा करू नकोस."

सिस्टरनी खोकी बाजूला सारली. "कुणाच्या तरी उपयोगी पडतील. घरी जा आता."

लेक उठली नाही. "मला एकदा दाखवा, कशी घालतात."

"आता कशाला, ताई?"

"दाखवा."

सिस्टरनी कपाटातून शिकवायचा रबरी नमुना काढला. लेकीने बाह्या दुमडून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. सिस्टर सांगत गेल्या, ती करत गेली. पहिल्याच खेपेला नळी बरोबर जागी गेली.

"सोपं आहे," ती म्हणाली.