कामणदुर्गावरच्या लाल फिती

चर्चच्या तरुण गटाची सहल कामणदुर्गावर निघाली आणि पुढारपण पहिल्यांदाच एका मुलीकडे आलं. दहावीतली टिफनी. "चारच्या आत सगळ्यांना खाली आणलंस तर पुढच्या वर्षीही तूच," फादर म्हणाले होते. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

जिथे वाट फुटेल तिथे ती झाडाला लाल फीत बांधत गेली. नाताळच्या सजावटीतून उरलेल्या फिती होत्या. परतीची काळजी मिटली. करवंदीच्या जाळ्या, ऐनाच्या झाडांची सावली, मग एकदम उघडा माथा. खाली गोदामांची निळी छपरं काडेपेट्यांएवढी, पलीकडे खाडी चकाकतेय, आणि वारा असा की रायनची टोपी गेली ती गेलीच.

उतरताना पहिल्याच फाट्यावर फीत नव्हती. तीन वाटा, तिन्ही सारख्या. चढताना टिफनीचं सगळं लक्ष गाठी मारण्यात होतं. तीन वाजून गेले होते.

"झालं," रायन म्हणाला. "आता आपला पुढारी बिबट्या."

सोबतीला आलेल्या आणि सगळ्यांच्या मागून चढलेल्या मार्था आंटी पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी नीट गुंडाळलेल्या लाल फिती काढल्या.

"तूच म्हणालीस ना, शेवटच्याने कचरा उचलत यायचं? मला वाटलं, कुणीतरी घाण करून गेलंय."

टिफनीच्या जिभेवर खरमरीत उत्तर आलं होतं. पण आंटी त्याच फिती पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळत होत्या. साठी उलटलेली बाई, 'मी कुणाचा खोळंबा करणार नाही' असं सकाळी चारदा सांगून आलेली. टिफनीने उत्तर गिळलं.

"आंटी, सगळ्यात शेवटची कुठली सोडवलीत?"

"ही? त्या ऐनाची. खोडावर मुंग्या होत्या बघ. त्याआधी वाकडा कुंभा. त्याआधी पळस, एका बाजूने वठलेला…"

आंटींचा सारा जन्म वाडीत, झाडांमध्ये गेलेला. आंटी माणसांची नावं विसरत, झाड नाही.

"मग तुम्हीच पुढे चला."

"मी हळू चालते गं."

"आम्ही पण हळू येतो."

खाली पोचेपर्यंत साडेचार वाजले. फादर घड्याळ बघत उभे होते.

"उशीर माझ्यामुळे," मार्था आंटी म्हणाल्या.

"नाही, माझ्यामुळे," टिफनी म्हणाली. "फिती कशाला आहेत ते मी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी सांगेन."

"पुढच्या वर्षी?" फादरांनी भुवई उंचावली.

"हो. आणि आंटी माझ्या पुढे असतील."

फादर नाही म्हणाले नाहीत.