फिल्म की मूव्ही

पुण्याहून सिनेमाचा कोर्स करून कुलदीप अकोल्याला परतला, तेव्हापासून ‘पिक्चर’ हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा. जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर तो समजावून सांगायचा, "टाइमपास करायला बनवतात ती मूव्ही. माणसाला आतून हलवते ती फिल्म." टपरीवर आतून हललेलं कोणी दिसत नव्हतं. पण त्याच्या दाढीकडे बघून लोक ऐकून घ्यायचे.

अशा विद्वानाला अमरावतीच्या एका लघुपट महोत्सवानं परीक्षक नेमलं.

तेल्हाऱ्याच्या नीलमनं मोबाइलवर एक लघुपट बनवला होता. अबोला धरलेल्या दोन जावांना एक लोखंडी कपाट अरुंद जिन्यानं वर चढवायचं असतं, एवढीच गोष्ट. कामं तिची आई पंचफुला आणि काकू इंदूबाई यांनी केली होती. त्या दोघींचा अबोला घरातही खरा होता. शूटिंगसाठी म्हणून त्या पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या होत्या. महोत्सवात पडद्यावर कपाट जिन्यात अडकलं तेव्हा सगळा हॉल हसला. शेवटी दोघी त्याच कपाटाला टेकून दम खात बसल्या, तेव्हा हॉल चिडीचूप झाला.

कुलदीपनं माइक घेतला. "प्रयत्न चांगला आहे. पण ही मूव्ही झाली. हा फिल्म महोत्सव आहे."

"सर, फरक काय दोन्हीत?" नीलमनं विचारलं.

"मूव्ही लगेच कळते. फिल्म कळायला वेळ लागतो."

"मंग तुमी मघाशी डोये कावून पुसून राहिले होते?"

"एसीची हवा लागली," कुलदीप म्हणाला. हॉल पुन्हा हसला.

त्यानंतर परीक्षकांची स्वतःची फिल्म लागली. एक बंद दार, त्याच्यासमोर एक सायकल. दार उघडलं नाही, सायकल हलली नाही. लोक मात्र हलले. समोसे खायला बाहेर गेले. "या शहराची तयारी नाही," असं म्हणत कुलदीपनं आपल्या फिल्मसारखंच काहीतरी न कळणारं निवडून त्याला पहिलं बक्षीस दिलं.

नीलमला साधं प्रमाणपत्रही मिळालं नाही. परतीच्या बसमध्ये ती रडकुंडीला आली होती. पुढच्या सीटवर पंचफुला आणि इंदूबाई शेजारी बसून भांडत होत्या.

"कपाट म्याच उचललं होतं, तू नुसता हात लावला!" पंचफुला म्हणाली.

"हात लावला? माही कंबर विचार! नीलम, पुढच्या पिक्चरमधी इच्याकून दगडी जातं उचलून घे!"

नीलमनं नाक पुसलं आणि मोबाइल काढून दोघींवर धरला.