एलादियोच्या टॅक्सीतला स्पीकर

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही. सांतो दोमिंगो शहरातल्या एका शेअर टॅक्सीत, एलादियो ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ऊन अडवणाऱ्या पट्टीला अडकवलेला मी जुना स्पीकर. फोन आला की आपोआप उचलायचा आणि पलीकडचं बोलणं मोठ्याने ऐकवायचं, म्हणजे एलादियोचे हात स्टिअरिंगवर राहतात. नवा होतो तेव्हा तो मला रोज पुसायचा, उतारूंना कौतुकाने दाखवायचा. आता अंगावर धूळ साचलीय, आवाज खरखरतो. तरी फोन वाजला की माझी धडधड सुरू!

आमच्याकडे पुढे दोघं, मागे चौघं, मांडीला मांडी लावून बसतात. आत शिरणारा सगळ्यांना नमस्कार करतो आणि तिथून पुढे गाडीतलं बोलणं सगळ्यांचं होतं. एलादियोच्या बायकोने भात करपल्याचं सांगितलं, तर मागच्या सीटवरून चार उपाय येतात. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

त्या दुपारी फोन आला तो युदेल्काचा. एलादियोची मुलगी. बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून दूर सांतियागो शहरात गेलेली, दोन वर्षं अबोला धरलेली. मी आपला सवयीने उचलला.

"पप्पा, मी त्याला सोडलंय. घरी येऊ का?"

 एलादियो काही बोलणार, तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या, रोजच्या उतारू नेरेइदामावशी ओरडल्या, "ये गं पोरी, विचारतेस काय!"

"आधी कपडे-कागदपत्रं घेतलीस का ते बघ," मागून एक बाई म्हणाली.

"भांडणं कुठे होत नाहीत? जरा सांभाळून घ्यायचं," एका टोपीवाल्याने अक्कल पाजळली.

"पप्पा... गाडीत लोक आहेत?" आवाज एकदम बारीक झाला. फोन बंद.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लाव, युदेल्काला लाव," एलादियो म्हणत राहिला, मी लावत राहिलो. सात वेळा. ती उचलेना. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी त्याने गाडी कडेला घेतली आणि फोनची माझ्याशी असलेली जोडणी तोडली.

"अरे, आम्ही मायेनेच बोललो रे," मावशी म्हणाल्या.

"हो मावशी. पण तिला एकटा मी हवा होतो."

फोन घेऊन, दार लावून तो लांब गेला. आत मी नुसता तळमळत होतो.

"माझी कामाची वेळ चुकणार," टोपीवाला कुरकुरला.

"चुकू दे! गप्प बस," मावशी खेकसल्या.

बऱ्याच वेळाने एलादियो परत आला, डोळे लाल. "बसमध्ये बसतेय," एवढंच म्हणाला. मावशींनी पुढचं विचारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. बापलेकीचं काय बोलणं झालं, ते मला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, उन्हात तापत ठेवू नका. आणि फोनवर कोणी जड गळ्याने बोलू लागलं, तर गाडीत कोण कोण बसलंय ते त्याला आधी सांगा. मला ते सांगता येत नाही.