चाकसूला ठेवलेलं मूल

त्या रविवारी बनीपार्कातल्या भाड्याच्या घरात डॉक्टर वीणाने सकाळपासून तीन बायका परत पाठवल्या होत्या. साठ सालचा जानेवारी संपत आला होता, नंदू पाच महिन्यांचा झाला होता आणि तिची रजा आठवड्याभरात संपणार होती. पण त्याला दिवसभर सांभाळायला मनासारखी बाई मिळेना. एकीच्या तोंडात तंबाखू, दुसरीला खोकला, तिसरी आल्या आल्या पोराला एका हाताने उचलायला निघालेली. वीणा मुलांच्या वॉर्डातली डॉक्टर. ती बाई निवडत नव्हती, तपासत होती. जीभ दाखवायला सांगायचंच काय ते बाकी होतं.

चौथी बाई तिचा नवरा चंद्रकांत घेऊन आला. तो विमा कचेरीत अधिकारी होता आणि धापू त्याच्या चपराशाच्या ओळखीतली. नखं कापलेली, आवाज हळू. नंदूला घेताना तिने आधी त्याची मान सावरली, तिथेच वीणाचं मन बसलं.

"तुम्हारे बच्चे?" वीणाने विचारलं.

"एक छोरी है, मेमसाब. सुगनी. सात महीने की."

"उसको कौन देखता है?"

धापूने तोंड उघडायच्या आधी चंद्रकांतच बोलला, "अगं, ती गावी, चाकसूला असते, हिच्या आईकडे. मजेत आहे तिथे."

धापूने मान हलवली. वीणाला हायसं वाटलं. सात महिन्यांचं अंगावरचं मूल आईवाचून मजेत कसं, हे काही त्या मुलांच्या डॉक्टरने विचारलं नाही. सोयीचं उत्तर मिळालं की आपण पुढचा प्रश्न गिळतो, शिकलेली माणसं तर जरा जास्तच.

नंदू बाटलीच्या दुधावर गुटगुटीत झाला. मार्चमध्ये चाकसूला शीतळामातेची जत्रा आली. जत्रेच्या आदल्या दिवशी, रविवारी, वीणा दुपारीच घरी परतली, येताना सुगनीसाठी एक लाल झबलं घेऊन.

"कल छुट्टी, धापू. मेले में जाओ, बेटी से मिलके आओ."

झबलं हातात धरून धापू नुसती उभी राहिली. "मुझे नहीं जाना, मेमसाब."

आणि वीणाची नजर तिच्या ओढणीखाली गेली. चोळी दोन्ही बाजूंनी ओली झाली होती. मूल दोन महिने चाकसूला असतं, तर हे दूध केव्हाच आटलं असतं.

"सुगनी चाकसू में नहीं है. कहाँ है?"

धापूने व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या चंद्रकांतकडे पाहिलं आणि ती रडायलाच लागली. "साहब ने कहा था, छोरी को साथ नहीं लाना, और मेमसाब को ऐसे ही बोलना. छोरी कोठरी में है. कुंडी लगाके आती हूँ. थोड़ा-सा अमल चटा देती हूँ, शाम तक सोती रहती है."

अमल म्हणजे अफू. वीणा तडक व्हरांड्यात गेली.

"काहून खोटं बोलले तुम्ही माझ्याशी?" रागात तिच्या तोंडी नागपूर येई.

चंद्रकांतने पेपर खाली ठेवला. "खरं सांगितलं असतं तर तू दोन्ही पोरं घरात घेतली असतीस. मग नंदूकडे कोण बघणार? सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत जाऊन विचार, कुठली आया आपलं पोर घेऊन येते? आणि अफूचं मला काय ठाऊक? तुझी नोकरी टिकावी म्हणूनच केलं मी."

बायकोच्या डॉक्टरकीचं चारचौघांत कौतुक करणारा हा माणूस रोज संध्याकाळी तिच्यासमोर चहा पीत धापूला विचारायचा, "सुगनी कैसी है?" आणि ती बिचारी म्हणायची, "ठीक है, साहब." ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याने दोन महिने तिला वेडं बनवलं होतं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. दोन गल्ल्या मागे धापूची कोठरी होती. वीणा धावत सुटली, मागे धापू. कडी काढली तर गोधडीवर सुगनी निपचित पडलेली. ओठ निळे, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास इतका सावकाश, की पुढचा येईल की नाही याची वाट बघावी लागत होती. टांग्यात वीणा वाटभर स्वतःच्या तोंडाने तिला श्वास देत राहिली.

वॉर्डात दोन तास झुंजल्यावर पोर रडलं. धापूने तिला छातीशी घेतलं आणि डोळे मिटून घेतले.

विषबाधेच्या कागदावर कारणाचा एक रकाना असे. आजवर अशा प्रत्येक पोराच्या कागदावर वीणाने तिथे 'आईचे अज्ञान' असं न अडखळता लिहिलं होतं. आज तिने लिहिलं, 'मूल कामावर आणण्यास मालकांची मनाई.' त्याखाली दोन नावं आणि बनीपार्कातला पत्ता.

नंदूला खांद्यावर घेऊन चंद्रकांत मागे येऊन उभा होता. "वीणा, अगं, हा सरकारी कागद आहे. लोक काय म्हणतील?"

"माझं नाव पहिलं आहे. विचारायचं ते मी विचारलं नाही, आणि सांगायचं ते तुम्ही सांगितलं नाही." तिने कागदावर सही केली. "धापूची मर्जी असेल तर यापुढे सुगनी आपल्या घरी येईल, नंदूच्या शेजारी झोपेल. आणि धापूच्या मदतीला आणखी एक बाई राहील. चालत नसेल तर उद्यापासून रजा काढा आणि पोराला तुम्ही सांभाळा."

तेवढ्यात नंदू भुकेने रडायला लागला आणि चंद्रकांतने सवयीने त्याला धापूपुढे धरलं. आपल्या पोरीला सावरत धापू उठायला लागली.

वीणा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तिचे हात मोकळे नाहीत," ती म्हणाली.