माकारियोच्या दाराचं पाणी

"तुझं फावडं परत गाडीत ठेव," फिदेन्सियो म्हणाला. "या पाटात ते उतरणार नाही."

काठावर पंधरा-वीस गडी उभे होते, हातात फावडी. मधोमध माझा एलिसेओ. अठ्ठावन्न वर्षांचा प्रोफेसर, हातात नवेकोरे हातमोजे. मी गाडीत होते, मांडीवर दुपारच्या भाकऱ्यांचं गाठोडं. काच मी आधीच खाली केली होती. ऐकायचंच असेल तर सरळ ऐकावं, बहिरेपणाचं सोंग कशाला?

मार्चमध्ये आमचा पाट साफ होतो. ज्याला शेताला पाणी हवं, त्याच्या घरचं एक फावडं त्या दिवशी आलंच पाहिजे. फिदेन्सियो पाटकरी. तो काठीने मोजून ज्याला त्याला साफ करायचा तुकडा देतो. ज्याचं फावडं नाकारलं त्याला वर्षभर पाण्याची पाळी नाही. नवरा गेल्यापासून मी गडी पाठवत होते, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. यंदा पोरगा स्वतः आला आणि ही शोभा.

"माझ्या बापाला तू पुस्तकात चोर केलंस," फिदेन्सियो म्हणाला. "नावानिशी. दुष्काळात माकारियोनं पाळी नसताना पाटाचं दार उघडलं, खालची शेतं वाळली, असं छापलंस. कोणी सांगितलं तुला? नाव सांग, फावडं घेतो."

"नाव नाही सांगणार. विश्वासानं सांगितलेलं असतं ते."

"मेलेल्याचं नाव छापायचं आणि जित्याचं लपवायचं. भारी शिकलास हं!"

कोणीतरी फिसकन हसलं. एलिसेओचे कान लाल झाले. लहानपणी शाळेत इंग्रजी सोडून आमची स्पॅनिश बोलला म्हणून बाई त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या, तेव्हा घरी यायचा तो याच कानांनी.

त्याच शाळेतून तो विद्यापीठात गेला. तिथल्या पोरांनी आरडाओरडा करून आमच्या लोकांचा इतिहास शिकवणारा एक वेगळा विभाग काढायला लावला होता. त्यात हा आधी शिकला, मग शिकवायला लागला. म्हणजे आमच्याच पोरांना आमचंच सांगायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. मी म्हटलं, मला का नाही देत? पुस्तकंही लिहिली. वर्तमानपत्रवाले त्याला प्रादेशिक लेखक म्हणतात. मी विचारलं, न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिणाऱ्याला प्रदेश नसतो का रे? हसला आणि तेही कुठेतरी छापलं.

पण त्याचं खरं नाव झालं ते एका वाक्यावर. आमच्या म्हाताऱ्यांचा शब्द साहेबांच्या कागदापेक्षा खरा. तीस वर्षं त्याने हेच शिकवलं. आणि त्याची म्हातारी कोण? मी. दुसरीत शाळा सुटलेली. मी तोंड उघडलं की त्याचा हात खिशातल्या रेकॉर्डरकडे जायचा. माकारियोची गोष्ट त्याने माझ्याच तोंडून घेतली होती. पुस्तक आलं तेव्हा ओसरीवर बसून त्याने मला ते आपल्या भाषेत वाचून दाखवलं. माकारियोचं पान आलं. तेव्हाच त्याला थांबवता आलं असतं. मी म्हटलं, "कॉफी उतू जातेय," आणि आत गेले.

कॉफी उतू जात नव्हती.

"शेवटचं विचारतो," फिदेन्सियो म्हणाला. "नाव सांगतोस की जातोस?"

"तुझं पाणी तुझ्यापाशी ठेव," एलिसेओ म्हणाला. "नाव मिळणार नाही." तो गाडीकडे वळला. माझ्या मिरच्या, माझं अल्फाल्फाचं गवत, नवऱ्याने लावलेली जर्दाळूची झाडं, सगळं त्याने माझं नाव झाकायला सोडून दिलं होतं. आणि नावाखाली काय झाकलंय ते त्याला ठाऊकच नव्हतं.

मी दार उघडून उतरले. गाठोडं सीटवर ठेवलं.

"काकू, तुम्ही कशाला उतरलात? वारा आहे," फिदेन्सियो म्हणाला.

"वाऱ्याची काळजी नको करूस. मी सांगितलं त्याला."

"आई, गप्प बस," एलिसेओ म्हणाला. "तुला सांगायची गरज नाही."

"तू गप्प बस. तुला अर्धंच ठाऊक आहे." मी फिदेन्सियोकडे तोंड केलं. "दार मी उघडलं होतं. पहाटेचं. तुझ्या बापाच्या शेताचं दार, कारण तिथून पाणी उताराने माझ्या घेवड्यात येतं. नवरा वायोमिंगला मेंढ्यांमागे, हा पाठीवर बांधलेला आणि माझं दूध आटलेलं. सकाळी लोकांना माकारियोचं शेत ओलं दिसलं. तो चोर झाला."

"माझ्या बापाला ठाऊक होतं?" फिदेन्सियोने विचारलं.

"बादली घेऊन गोठ्याच्या दारात उभा होता. बघितलं आणि तोंड फिरवलं. पंचायतीतही बोलला नाही. मग कोणी त्याच्याकडे मदतीला जाईना, तो कोलोरॅडोच्या खाणीत गेला. तिथून परत आला नाही, ते तुला माहीतच आहे. मी मात्र खोटं इतक्या वेळा सांगितलं की ते पाठ झालं."

मी माफी मागितली नाही. माफी मागितली असती तर ती त्याला द्यावी लागली असती, आणि एवढ्या लोकांसमोर ते ओझं मी त्याच्यावर का टाकावं?

फिदेन्सियो पाटाच्या काठाने वर चालत गेला. मग त्याने काठी टाकून मोजलं. एकदा, दोनदा. वरच्या अंगाला, माकारियोच्या दारापाशी.

"दोन तुकडे," तो म्हणाला. "तुमचा एक. माझ्या बापाचा एक."

एलिसेओ फावडं घेऊन खाली उतरला. हातमोजे त्याने काठावरच टाकले. दुपारपर्यंत त्याने एकदाही वर बघितलं नाही. फिदेन्सियोने तुकडा तपासला, मान हलवली आणि पुढे गेला.

जेवायला एलिसेओ गाडीच्या पायरीवर बसला. तळहातांना फोड आले होते. मी भाकरीवर बटाटा आणि मिरची घातली, त्याच्या हातात दिली. मग म्हटलं, "तुझ्या जन्माच्या वर्षी ना..."

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्याने त्याच हाताने भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.

"जेव आधी," तो म्हणाला.