सपाटीवर अडलेला ट्रक

मी एक जुना डिझेल ट्रक आहे, मित्रांनो, आणि माझे सगळे आयुष्य बिनडोक माणसांचे सामान वाहण्यात गेले. लोक घर बदलतात आणि निम्मा कचरा सोबत नेतात. मोडके पलंग, बंद पडलेली घड्याळे, कधीच न वाचलेली पुस्तके, हे सारे मी इमानेइतबारे वाहिले. कारखान्यातून नवाकोरा बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावरची पोरे माझा रंग बघत थांबायची. मालक मला रोज फडक्याने पुसायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "नुसती चावी दाखवली तरी सुरू होते गाडी." ते कौतुक मला आवडायचे, हे कशाला नाकारू?

मग एका सकाळी मी सुरू झालो नाही.

मालकाने चावी फिरवली. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर, गरगर फिरली. इंजिनही फिरले, पण पेटले नाही. आता सेल्फ जोरात फिरतो आहे म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, हे शेंबड्या पोरालाही कळावे. शिवाय एवढे फिरूनही माझ्या धुराड्यातून धूर म्हणून निघत नव्हता. म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नव्हते. याहून स्पष्ट मी काय बोलायला हवे होते? पण मालक सेल्फ मारतच राहिला. शेवटी बॅटरी दमली आणि बसली. तेव्हा मोठा शोध लागल्यासारखा तो ओरडला, "बघा, बॅटरीच गेलीय!"

बॅटरीवाला आला. त्याने नवी बॅटरी बसवली आणि जुनी 'मेलेली' म्हणून उचलून नेली. ती त्याने चार्ज करून स्वतःच्या टेम्पोला लावली, आणि तिथे ती अजून मजेत आहे. मी जागचा हललो नाही. मग मिस्त्री आला. त्याने माझ्या बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सेल्फ." सेल्फ बदलला. मी तसाच. मग तो म्हणाला, "नोझल." इंजिनात डिझेल फवारणारे ते नोझल काढून, धुऊन पुन्हा लावले. तरी मी तसाच. तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "वय झालं गाडीचं." डोके चालेनासे झाले की या लोकांना माझे वय आठवते.

यावर मालकाने स्वतःची अक्कल लढवली. घराजवळ एक उतार होता. तिथे मला नाक खाली करून लावायचे आणि सकाळी ढकलून सुरू करायचे. मी लगेच सुरू व्हायचो, आणि मालकाची छाती फुगायची. स्टिअरिंगवर मालकीणबाई बसायच्या. मागून मालक आणि त्याचा मेहुणा जोर लावायचे. मेहुण्याचा सगळा जोर तोंडात होता. माझ्या फळीला त्याचा हात नुसता टेकलेला असायचा.

एके दिवशी हे दोघे चहा संपवेपर्यंत बाईंनी सहज चावी फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झालो.

"अहो, न ढकलताच सुरू झाली ही!" त्या ओरडल्या.

"होते कधीकधी. तू स्टिअरिंग धर."

"पण मग सपाटीवर का होत नाही?"

"गाडीतलं काय कळतंय तुला?" मालक म्हणाला. हा शहाणा रोज सकाळी चालू होणारा ट्रक घाम गाळून ढकलत होता, आणि कळत मात्र बाईंना नव्हते!

पुढे पाण्याचे पाइप टाकायला तो उतार खणला गेला. मला सपाट मैदानात उभे केले आणि मी पुन्हा अडलो. ठरलेली गिऱ्हाइके वाट बघून दुसऱ्या ट्रककडे गेली. वैतागून मालकाने भंगारवाल्याला बोलावले.

मित्रांनो, मी तुसडा आहे, पण तेव्हा मी घाबरलो. गंजून, झिजून संपलो असतो तर ते मला पटले असते. माझे तर इंजिन धडधाकट होते. चार ढ माणसांच्या आळसापायी मला तोडून वितळवणार होते. मला जगायचे होते.

भंगारवाला क्रेन घेऊन आला. मिस्त्रीही आला होता, माझा नवा सेल्फ काढून न्यायला. क्रेनने माझी मागची बाजू उचलली. चाके अधांतरी, नाक जमिनीकडे. एवढ्यात मालकीणबाई पुढे आल्या.

"थांबा! उतारावर असायची तशीच उभी आहे ही आता. एकदा चावी मारून बघू."

"वहिनी, लटकलेली गाडी सुरू होते का कुठे?" मिस्त्री हसला.

"ताई, उगाच हसं करून घेऊ नकोस," मेहुणा म्हणाला.

भंगारवाल्याने मात्र निमूटपणे माझ्या मागच्या बाजूखाली ठोकळे लावले. बाईंनी इंजिनाजवळचा, डिझेल ओढणारा छोटा हातपंप दाबला. मग वर चढून चावी फिरवली. मी असा गरजलो की मेहुणा दोन पावले मागे सरला.

बाई खाली उतरल्या, बाजूला मातीत गुडघे टेकले आणि टाकीकडून येणारी नळी बघू लागल्या. एका जोडावरून थेंब पडत होता.

"जुनी गाडी आहे, टपकायचंच," मिस्त्री म्हणाला.

"नाक खाली असताना इथून डिझेल बाहेर येतं. मग गाडी सपाट असताना इथून आत काय जातं?"

मिस्त्री अगदी हळू म्हणाला, "एअर."

एवढेच होते ते! जोडातला तांब्याचा वायसर, म्हणजे फट बंद ठेवणारी चकती, चिरला होता. सपाटीवर त्या फटीतून हवा शिरायची आणि नळीतले डिझेल टाकीत परत जायचे. उतारावर मागची टाकी इंजिनापेक्षा उंच व्हायची, म्हणून डिझेल आपोआप इंजिनाकडे यायचे. मिस्त्रीने वायसर बदलला, लाइनमधली हवा काढली, क्रेनने मला खाली ठेवले, आणि सपाटीवर मी पहिल्या झटक्यात सुरू झालो.

"मी म्हणतच होतो, गाडीत दम आहे," मालक सगळ्यांना सांगू लागला. मला थुंकता येत नाही, नाहीतर थुंकलो असतो.

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्रावर माया करा, असे गोड गोड मी सांगणार नाही. तुमच्या मायेचे मला काय करायचे? उद्या तुमच्या दारातली एखादी जुनी वस्तू अडली, तर तिला नावे ठेवण्याआधी आणि तिचे भाग उपटण्याआधी जरा खाली वाकून बघा. त्या दिवशी माझ्याभोवती इतके जाणकार उभे होते, आणि गुडघ्यांना माती लागली होती ती एकट्या बाईंच्या.