उशिराचं आमेन

धाकट्या बहिणीच्या पत्राला दुभाष्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र जाड शब्दकोशाच्या मध्यावर ठेवलेलं, त्यामुळे कुठलाही शब्द बघायला कोश उघडला की तेच आधी समोर यायचं. दुसरीकडे ठेवता आलं असतं. पण ठेवायचं म्हणजे हातात घ्यायचं, आणि हातात घेतलं की पुन्हा वाचायचं. त्यापेक्षा आहे तिथे बरं, असं म्हणत त्यांनी निवडणूक काढली, निकाल काढला, आणि हिवाळाही निम्मा काढला.

दुभाषी हा त्यांचा पेशा होता. निवृत्त झाल्यावरही लोक त्याच नावानं हाक मारत. कोर्टात साक्षीदार एका भाषेत बोलायचा आणि यांनी न्यायाधीशांना ते दुसऱ्या भाषेत सांगायचं. साक्षीदार म्हणाला, "मी चोरी केली नाही," की यांनीही "मी चोरी केली नाही" असंच म्हणायचं, हा नियम. सगळी उमर दुसऱ्यांचा 'मी' तोंडात घोळवल्यामुळे असेल, स्वतःचा 'मी' बाहेर काढायची वेळ आली की घसा साफ करण्यातच ऐकणाऱ्याचा धीर सुटायचा. बहीण म्हणूनच पत्र लिहायची. "फोनवर तू नुसता हं हं करतोस, दादा. कागदावर हं करून भागत नाही."

पत्र छोटंसं होतं. 'दादा, त्या रविवारी मी प्रार्थनेतून उठून गेले. मी दाराशी पोचले तेव्हा सगळी मंडळी आमेन म्हणाली. त्यात तू होतास का, एवढंच कळव. होतास, तर मी दुसरं चर्च बघीन. रागावणार नाही, पण तुझ्या शेजारी बसवणार नाही मला. नव्हतास, तर माझी जागा राख.'

दोघं लहानपणापासून एकाच बाकावर बसत. लग्नं झाली, मुलं झाली, बहिणीचे यजमान गेले, बाक सुटला नव्हता.

तो निवडणुकीच्या आधीचा रविवार. पाळकांनी घरांसाठी प्रार्थना केली, लग्नाच्या पावित्र्यासाठी केली, अजून जन्माला न आलेल्या बाळांसाठी केली, शाळेच्या पुस्तकांतून मुलांच्या डोक्यात काय भरवलं जातंय त्यासाठीही केली. दुभाषी डोळे मिटून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. त्यात त्यांना खटकण्यासारखं काही नव्हतं. हे सगळं ते मनापासून मानत. आणि मग त्याच दमात पाळकांनी उमेदवाराचं नाव घेतलं. "तुझ्या या सेवकाला विजय दे."

शेजारी बाकाला आपटून छत्री वाजली. बहीण उठली आणि चालू लागली.

बहिणीला कुणी नव्या वाऱ्याची म्हटलं असतं तर तिनं त्याला तीच छत्री दाखवली असती. रविवारी ती सुईत दोरासुद्धा ओवत नसे. इस्पितळाच्या प्रसूती विभागात परिचारिका होती, तेव्हा गर्भपाताच्या वेळी उभी राहणार नाही असं वरिष्ठांच्या तोंडावर सांगून तिनं बदलीचा जाच सोसला होता. पण तोच प्रसूती विभाग खर्च परवडत नाही म्हणून बंद झाला, आणि बंद करायला हात वर करणाऱ्यांत हा उमेदवार होता. तेव्हा तो नगरपालिकेत होता. "बाळांच्या बाजूचा माणूस म्हणे," ती म्हणाली होती. "आणि बाळंतिणींना कुठे पाठवलं? डोंगरापलीकडे! कळा देतच बसमध्ये चढायचं."

हेही दुभाष्यांना खरं वाटायचं. हीच तर पंचाईत होती. पाळक बोलले की पाळकांचं पटे, बहीण बोलली की बहिणीचं.

त्याहून मोठी पंचाईत म्हणजे आपण त्या दिवशी आमेन म्हणालो की नाही, हे त्यांना आठवतच नव्हतं.

त्यांच्या आमेनची तर घरात लहानपणापासून थट्टा. जेवणाआधी वडील प्रार्थना करायचे, सगळे आमेन म्हणून चमचे उचलायचे, आणि मग सगळं ऐकलेलं मनात एकदा तपासून हे आमेन म्हणायचे. "देव पुढच्या घरी गेलासुद्धा," धाकटी तोंडात घास घेऊन म्हणायची, "आणि आमच्या दादाचं आमेन अजून येतंय." म्हातारपणीही सवय तीच. पण त्या रविवारी? छत्रीचा आवाज आठवत होता, ओल्या कोटाचा वास आठवत होता. पुढचं कोरं.

त्यांनी एकदा बायकोला विचारलं होतं.

"अगं, त्या दिवशी मी आमेन म्हणालो का?"

"मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले." बायको कपडे इस्त्री करत होती. "आपला मुलगा लग्न न करता त्या पोरीबरोबर राहतो, मी तिला ताट वाढते आणि मग रात्रभर देवाशी भांडते. कुणीतरी या सगळ्याला बांध घालायला हवा की नको?"

"हवा."

"मग म्हणाला असाल."

"पण म्हणालो का?"

"अहो, तुमचं आमेन तुम्हाला ठाऊक नाही, ते मी कुठून सांगू? मी काय तुमची दुभाषी आहे?"

उमेदवार निवडून आला. दुभाषी निकाल बघून खूशही झाले आणि नंतर खुशीची त्यांना लाजही वाटली. आणि मग एका दुपारी पाळक घरी आले. पाळक वयानं मुलासारखे, मनाचे सरळ. आजारी माणसाच्या उशाशी तासन्‌तास बसणारे. त्यांच्याबद्दल वाईट विचार करायचा तर दुभाष्यांना मुद्दाम बसून करावा लागला असता.

"काका, येत्या रविवारी आपण विजयाचे आभार मानणार आहोत. प्रार्थना तुम्ही करा."

"मी?"

"तुमचा मान आहे. तुम्ही कुठल्या गटात नाही. तुम्ही केलीत की कुणी कुरकुर करणार नाही."

दुभाष्यांनी घसा साफ केला. "राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना मी करीन, पाळकसाहेब. ती करायलाच हवी. आभाराचं तेवढं..."

"तुम्ही त्यांना मत दिलं नाहीत का?"

"दिलं."

"मग अडचण काय?"

"तीच कळत नाही."

पाळक हसले नाहीत. "काका, आपली माणसं फार वर्षं गप्प बसली. गप्प बसलो म्हणून गोष्टी इथवर आल्या. तुम्हाला हे पटतं ना?"

"पटतं," दुभाषी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"विचार करून कळवा. नाहीतर मी करीन."

पाळक गेल्यावर दुभाष्यांनी कोश उघडला. आभार या शब्दात आपल्याला काय अडतंय ते बघावं, असा काहीतरी खुळा विचार होता. पत्र समोर आलं. या वेळी त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की रविवारी आपण आभार मानले तर या पत्राचं उत्तर भर चर्चमध्ये, बहिणीच्या माघारी दिलं जाणार. ते सहन होईना. आधी तिला सांगायला हवं. पण सांगायचं तर काय ते ठाऊक हवं.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळजींच्या दुकानात गेले. घड्याळजी दर रविवारी मागच्या बाकावर बसून, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी ऐकता यावी म्हणून उपासना ध्वनिमुद्रित करायचे. दुकानात भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी.

"एवढी घड्याळं, आणि एकही बरोबर नाही?" दुभाषी म्हणाले.

"बरोबर झालं की गिऱ्हाईक घेऊन जातं, दुभाषीसाहेब. चुकलेलीच माझ्याकडे राहतात. बोला, काय हवंय?"

दुभाष्यांनी सांगितलं. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "स्वतःचं आमेन शोधायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक," ते म्हणाले. पण त्यांनी तो रविवार शोधून काढला.

दोघं यंत्रावर वाकले. पाळकांचा आवाज आला: घरं, लग्न, बाळं, शाळा. मग नाव. मग विजय दे. छत्री वाजली. टाचा वाजू लागल्या, सावकाश, लांब जाणाऱ्या. तेवढ्यात सगळ्या मंडळीचं आमेन उसळलं, त्यात बायकोचं ठसठशीत ओळखू आलं. मग दार उघडल्याचं कुरकुरणं. मग दार लागलं.

आणि मग, सगळं शांत झाल्यावर, एकट्याचं, खाकरून म्हटलेलं: "आमेन."

"हे तुमचं," घड्याळजी म्हणाले.

"पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा आधी दार लागलं, मग आमेन.

"पण हे कशाला म्हणालो मी?" दुभाष्यांनी विचारलं. "विजयाला? बाळांना? की ती गेली त्याला?"

"ते यात येत नाही," घड्याळजी म्हणाले. यंत्र बंद करता करता ते पुढे म्हणाले, "मीही म्हणालो होतो तेव्हा. मी कधी विचारच केला नाही कशाला म्हणालो. तुम्ही उगाच माझ्या डोक्यात भुंगा सोडलात."

घरी येताना दुभाषी नेहमीचं वळण चुकले आणि बंद प्रसूती विभागासमोर जाऊन उभे राहिले. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. त्यांचा स्वतःचा मुलगा इथेच झाला होता, आणि बहिणीनंच तो बाहेर आणून यांच्या हातांत दिला होता. "आता तरी वेळेवर आमेन म्हण," असं म्हणाली होती. तेव्हा ते म्हणू शकले नव्हते, कारण ते रडत होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी लिहायला घेतलं. पहिला कागद फाडला. त्यात पाळकांचंच बोलणं उतरलं होतं. दुसरा फाडला, त्यात बहिणीचं. तिसऱ्यावर घसा साफ करून, जणू मोठ्यानं बोलायचंय अशा थाटात, त्यांनी लिहिलं:

'मी आमेन म्हणालो. तू बाहेर पडल्यावर, दार लागल्यावर म्हणालो. कशाला म्हणालो ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी तुला लिहिणार नाही. मी त्याला मत दिलं. आजही कदाचित देईन. येत्या रविवारी प्रार्थना मला सांगितली आहे. मी त्याचं नाव घेईन, पण विजयाचे आभार मानणार नाही. प्रसूती विभागाच्या खिडक्यांच्या फळ्या काढायची बुद्धी त्याला दे, असं मागेन. हे बरोबर की चूक, कळत नाही. तुझी जागा मी राखतो. होतो आणि नव्हतो, दोन्ही खरं वाटत असेल तर जागा राखायची की नाही, ते तू लिहिलं नव्हतंस.'

त्यांनी पाळकांना फोन करून मागणं वाचून दाखवलं. मग पाळक म्हणाले, "आभार अजिबात नाहीत, काका?" आणि दुभाषी म्हणाले, "मी नाही मानणार," आणि आपणच दचकले. "बरं," पाळक सावकाश म्हणाले. "आभाराचं मी बघतो. तुम्ही हेच म्हणा."

म्हणजे आभार मानले जाणारच होते. मग आपण नेमकं काय मिळवलं, हेही त्यांना उमगलं नाही.

बायकोनं पत्र वाचलं आणि खाली आपल्या हातानं लिहिलं: 'मी मोठ्यानं म्हणाले होते. तरी ये. शेजारची जागा गार पडते.' मग कोट घालून तीही टपालपेटीपर्यंत आली.

पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून दुभाषी उभे राहिले. पाकीट निम्मं आत, निम्मं बाहेर.

"ती येईल का?"

"मला काय विचारता?"

"आणि आली, आणि माझ्या प्रार्थनेला आमेन म्हणाली नाही तर?"

"तर तुम्हाला कळेल कसं वाटतं ते. सोडा आता."

त्यांनी सोडलं. पत्र तळाशी पडल्याचा आवाज आला. ते वाकून फटीतून आत बघायला लागले. आत अंधार होता.

"घर नंबर घातला का मी?"

"मी घातला," बायको म्हणाली, आणि त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना वळवलं.